प्रल्हादच्या इंजिनाचं नाव

सौंसरच्या बसस्टँडवर पांढुर्ण्याची बस लागली होती आणि मी खिडकीजवळची जागा धरून बसलो होतो. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दोन बारीक ब्रश, काळ्या आणि पिवळ्या इनॅमल रंगाच्या डब्या, थिनरची बाटली. प्रल्हादच्या घरी निघालो होतो. त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेल्या हातभर लांबीच्या वाफेच्या इंजिनावरचं नाव मला पुसायचं होतं. गेल्या दोन वर्षांत त्या इंजिनाचा नंबर मी चार वेळा बदलला होता आणि नाव एकदा. या वेळी मात्र त्यानं नाही, त्याच्या बायकोनं, शकुनवहिनींनी बोलावलं होतं. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ‘पांढुर्णा, पांढुर्णा’ ओरडत होता, तेवढ्यात प्रल्हादच्या मुलीचा, सुषमाचा फोन आला. ‘काका, निघाले का तुमी?’ मी म्हणालो, ‘बसमध्येच आहो.’ ती म्हणाली, ‘बाबा गेले. आत्ताच... चहा पिता पिता.’

बस सुटली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बसून राहिलो. बाहेर संत्र्याचे बगीचे मागे जात होते आणि मी मनात म्हणत होतो की आता ते नाव पुसायचं की नाही? असा विचार त्या वेळी यावा याची लाज वाटली, पण आला. त्या दिवशी स्मशानापर्यंत ती पिशवी माझ्या खांद्यावरच होती. कुठे ठेवायची ते सुचलंच नाही.

प्रल्हाद आणि मी सौंसरला एका बाकावर बसायचो. त्याचे वडील छोट्या लाइनीवर, म्हणजे नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजवर, वाफेच्या इंजिनाचे फायरमन होते. शाळा सुटली की आम्ही दोघं फाटकाजवळ जाऊन उभे राहायचो. इंजिन यायचं, धुरानं डोळे चुरचुरायचे आणि कॅबमधून घामानं काळपट झालेला एक हात बाहेर यायचा. तेवढा हात दिसला की प्रल्हादचा दिवस भरायचा. त्या इंजिनाचा नंबर होता चारशे एकतीस. मी तेव्हापासून चित्रं काढायचो. चित्रकलेच्या वहीत मी ते इंजिन इतक्या वेळा काढलं की मास्तरांनी एकदा शेरा मारला, ‘आता झाड काढ.’ ती वही मी अजून ठेवली आहे. प्रल्हादच्या आईचं नाव भागरता. डोक्यावर भाकरीचं फडकं घेऊन ती लाइनीच्या कडेनं चालत यायची आणि नवऱ्याला डबा द्यायची. त्याचे वडील इंजिनाला गमतीनं तेच नाव द्यायचे. वाफ जोरात फुसफुसली की म्हणायचे, ‘पाह्य, भागरता तापली माही.’ त्यावर भागरताबाई रुळाच्या कडेला उभ्या राहून खरोखरच तापायच्या आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

पुढे मी सौंसरलाच ड्रॉइंग मास्तर झालो. प्रल्हाद आयटीआय करून पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला आणि तिथलाच झाला. त्याचे वडील गेले, आई गेली, छोट्या लाइनीवरचं वाफेचं इंजिन गेलं, मग डिझेलही गेलं आणि शेवटी मोठ्या लाइनीसाठी जुने रूळच उखडले. रूळ उखडले त्या दिवसांत तो मुद्दाम सौंसरला आला होता. आम्ही फाटकाजवळ गेलो. तिथे नुसती खडी होती. तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘मास्तर, मी बनवून राहिलो.’ मी विचारलं, ‘काय बनवून राहिला बे?’ म्हणाला, ‘चारशे एकतीस.’

ते इंजिन बनवायला त्याला किती वर्षं लागली ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही. जिनिंगच्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत तो चाकं घासायचा. मालकाची परवानगी होती, मात्र कापसाचा हंगाम संपल्यावरच. बॉयलर तांब्याच्या नळीचा, वाफेचा घुमट एका मोडक्या पितळी स्टोव्हचा. मापं माझ्या शाळेच्या वहीतून घेतलेली, हे तो लोकांना अभिमानानं सांगायचा आणि मला घाम फुटायचा, कारण दहा वर्षांच्या पोरानं अंदाजानं काढलेलं ते चित्र. पण बनलं. खाली स्पिरिटचा बर्नर पेटवला, बॉयलरमध्ये पाणी भरलं की दहा-पंधरा मिनिटांत ते खरोखर चालायचं. कॅबच्या दोन्ही बाजूंना नंबर आणि बॉयलरच्या अंगावर दोन बारीक पितळी पट्ट्या. अक्षरं मी लिहिली, पिवळ्यात, काळ्या सावलीची. नंबर ४३१, नाव भागरता. लिहून झाल्यावर त्यानं चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, ‘मायची वेलांटी थोडी वाकडी झाली.’ भागरता या शब्दात वेलांटीच नाही. तो तसाच थट्टा करायचा.

त्या वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला विहाराच्या पटांगणात त्यानं पट्टीचे गोल रूळ मांडले आणि इंजिन सोडलं. निळ्या झेंड्यांखाली तो पांढरा सदरा घालून उकिडवा बसला होता. इंजिन पहिला फेरा घेऊन परत आलं तेव्हा कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळेच वाजवू लागले. मी त्याच्याकडे पाहत होतो. तो टाळ्या वाजवत नव्हता. हात पुढे करून, जणू कॅबमधून बाहेर काढलेला, तसा तो नुसता बसला होता.

आजाराची सुरुवात कुठून झाली ते आता मागे वळून पाहिल्यावर कळतं. त्यानं एकदा फोन करून सांगितलं, ‘मास्तर, नंबर चुकला. चारशे तेरा पायजे.’ मी म्हणालो, ‘अबे, एकतीस.’ तो म्हणाला, ‘तेरा. बापाचं इंजन हाय माह्या, मले नाही मालूम का?’ त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की मला माझीच शंका आली. वाटलं, जुना कागद सापडला असेल कुठेतरी. मी गेलो, जुने आकडे थिनरनं काढले, पॉलिशपेपर मारला, काळा हात दिला, ४१३ लिहिलं. घरी येऊन माझी वही काढून पाहिली. प्रत्येक पानावर ४३१. तरी मी काही बोललो नाही. आकड्यांची अदलाबदल कोणाचीही होते, माझीही होते.

चार महिन्यांनी पुन्हा फोन. आता नंबर फक्त सत्तावीस. मी गेलो तेव्हा शकुनवहिनी दाराशी थांबल्या होत्या. मला आत जाऊ देण्याआधी हळूच म्हणाल्या, ‘सत्तावीस हा त त्याईचा जिनिंगमधला टोकन नंबर हाय, मास्तर.’ तेव्हा मला कळलं आणि त्यांनाही कळलं होतं. सुषमा नागपूरला असते, तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की त्यांच्याशी वाद घालू नका. मी सत्तावीस लिहिलं. त्यानं हात फिरवून पाहिलं, रंग ओला होता, त्याच्या बोटाला लागला. ‘आता कसं बराबर झालं,’ तो म्हणाला.

त्याच दिवसांत एकदा त्यानं बर्नर पेटवला आणि पाणी भरायचं विसरला. वहिनी मागे कपडे वाळू घालत होत्या, त्यांना जळका वास आला. बॉयलरचा सांधा उलला, जवळ टांगलेला टॉवेल जळाला, बाकी काही झालं नाही. सुषमा आली आणि बर्नर काढून नागपूरला घेऊन गेली. त्यानंतर ते इंजिन कधी चाललं नाही. खिडकीखालच्या लोखंडी पेटीवर ते नुसतं उभं असायचं आणि समोरच्या खाटेवर प्रल्हाद.

सुषमा एकदा माझ्यावर चिडली. म्हणाली, ‘काका, तुमी त्यांचं ऐकून ऐकून सगळंच पुसून टाकून राहिले. एक तरी गोष्ट खरी राहू द्या ना त्यांच्यासमोर.’ तिचं मला पटलं. मी माझी शाळेची वही घेऊन गेलो, प्रल्हाद झोपला असताना पुन्हा ४३१ लिहून काढलं आणि तो उठल्यावर वही समोर धरली. ‘हे पाह्य, आपण दोघं फाटकावर...’ त्यानं वही पाहिली, मग इंजिन पाहिलं. खिशातून किल्ली काढली आणि त्या आकड्यांवर ओरखडे मारायला लागला. काळा रंग निघाला, खालचा पत्रा दिसायला लागला, तरी थांबेना. मी हात धरला तर हिसका दिला. ‘कोन लिहून गेलं हे? माह्या बापाचं इंजन हाय...’ आणि तो रडायला लागला. पन्नास वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. वही मी पिशवीत ठेवून दिली. मग त्यानं सांगितला तो नंबर लिहिला, आठशे सहा. हा नंबर कुठला ते आम्ही खूप शोधलं. घराचा नाही, सायकलीचा नाही, कुठल्या पासाचा नाही. वहिनींना माहीत नाही, मला माहीत नाही. आता विचारायला कोणी उरलंही नाही.

नावाची गोष्ट त्यानंतरची. एका दुपारी मी सहजच गेलो होतो. वहिनी दळण आणायला गेल्या होत्या. त्या दिवशी तो बराच चांगला होता, म्हणजे मला नावानिशी ओळखत होता. त्यानं मला खाटेवर जवळ बसवलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘मास्तर, एक काम करशीन?’ मी म्हणालो, ‘बोल.’

‘इचं नाव मी विसरून राहिलो बे.’

‘कोणाचं?’

‘इचं...’ त्यानं स्वयंपाकघराकडे हात केला. ‘सकाळी याद येते, मग नाही येत. तिले नको सांगू. तिले वाईट वाटन. तू असं कर, इंजनावर लिहून दे. मले झोपल्या झोपल्या दिसलं पायजे.’

मी विचारलं, ‘अन भागरता?’ तो म्हणाला, ‘माय समजून घेईन.’ मी पट्ट्यांचे बारीक स्क्रू काढले, दोन्ही पट्ट्या घासल्या आणि आईचं नाव गेलं त्या जागी ‘शकुन’ लिहिलं. त्यानं ओठ हलवत दोनदा वाचलं. वहिनी डोक्यावर पिठाचा डबा घेऊन दारात आल्या, तसा तो पट्टीकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, ‘शकुन, मास्तराले चहा ठेव.’ डबा त्यांच्या डोक्यावरून पडता पडता राहिला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यानं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. आमच्याकडे मारतच नाहीत. ‘ऐकलं का’ आणि पुढे ‘सुषमाची माय’, एवढंच. त्यांनी पदर ओढून घेतला आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा यायला फार वेळ लागला.

काही महिने ते नाव चाललं. वहिनी फोनवर सांगायच्या, ‘आज सकाळी दोनदा हाक मारली,’ आणि वर घाईघाईनं जोडायच्या, ‘जेवले बी बराबर.’ त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण पट्टीवरची ती तीन अक्षरं त्यांना ओळखू यायला लागली होती. मला वाटायचं, आयुष्यात एक काम तरी मी बरोबर केलं.

मग हळूहळू ते उलटलं. तो पट्टी वाचायचा, पण ते नाव कोणाचं हे त्याच्या ध्यानातून गेलं. समोर नाव होतं ते इंजिनावर होतं, म्हणून ते इंजिनाचंच झालं. तो इंजिनाशी बोलू लागला. ‘शकुन, थंडी वाजून राहिली का?’ म्हणत त्यावर स्वतःची शाल घालायचा. भरवायला वहिनी घास घेऊन आल्या तर म्हणायचा, ‘बाई, आधी शकुनले द्या.’ वहिनींना तो बाई म्हणू लागला होता. एकदा त्या त्याचं अंग पुसत होत्या तर त्यानं त्यांचा हात बाजूला सारला. ‘बाई, तुमी बाहेर बसा. शकुन पाहून राहिली.’

मलाही त्याच काळात त्यानं पहिल्यांदा ‘तुमी’ म्हटलं. मी खाटेजवळ बसलो होतो. तो म्हणाला, ‘तुमी पेंटर ना? बसस्टँडवरचे?’ मी म्हणालो, ‘हो.’ दुसरं काय म्हणणार? तो म्हणाला, ‘अक्षर चांगलं हाय तुमचं.’ आयुष्यभर ‘अबे मास्तर’ म्हणणारा माणूस मला मान देऊन बोलत होता आणि मला तो मान घ्यावा लागत होता.

त्यानंतर वहिनींचा फोन आला. त्या कधी काही मागत नाहीत. म्हणाल्या, ‘मास्तर, थे नाव काढून टाका. सवत आणल्यासारखं वाटून राहिलं मले, लोखंडाची.’ मग लगेच म्हणाल्या, ‘पन नाव काढलं अन त्याईनं हाक मारनंच सोडून देल्लं त?’ मी विचारलं, ‘मग काय करू?’ त्या म्हणाल्या, ‘मले नाही समजून राहिलं. तुमी या. काढून टाका.’ मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसलो तेव्हाची गोष्ट सुरुवातीला सांगितलीच आहे. त्या सकाळी वहिनींनी त्याला बशीतून चहा पाजला. दोन घोट घेतले. तिसऱ्या वेळी बशी ओठाला लावली तर चहा हनुवटीवरून खाली आला. आधी काही बोलला का, असं मी वहिनींना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दीड महिन्यानं मी पुन्हा गेलो. सुषमा आलेली होती. घर आवरलेलं होतं, खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, त्यामुळे ती खोली एकदम मोठी वाटत होती. इंजिन पेटीवरच होतं. सुषमा म्हणाली, ‘काका, आता तरी खरा नंबर टाका.’ मी पेटीजवळ बैठक मारली आणि आठशे सहा काढायला घेतलं. त्या नंबरखाली किल्लीचे ओरखडे होते. ते बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी लागली असती. मी भरली नाही. वरून काळा रंग दिला आणि ४३१ लिहिलं. रंग वाळल्यावरही उजेड तिरपा पडला की ओरखडे दिसतात.

नावाला मी हात लावला नव्हता. सुषमा आत गेली तेव्हा वहिनी माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या.

‘मास्तर, तुमी त्याईले लहानपणापासून वळखत होते. मले खरं सांगजा. थे शकुन म्हनत, तवा मले म्हनत होते का याले?’

हो म्हणणं सोपं होतं. अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होत्या, त्या नजरेला खोटं सांगायची हिंमत झाली नाही. ‘मले नाही माहीत, वहिनी,’ मी म्हणालो.

बाहेर कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला आणि दूर गेला. त्यांनी पदराच्या टोकानं पट्टीवरचा रंगाचा एक शिंतोडा पुसला.

‘राहू द्या मग,’ त्या म्हणाल्या. ‘कोनाले का मारत असनात... हाक त मारत होते.’